मुंबईवरची कविता : गौरव म्हणजे नुसते गोडवेच का?

परळकर
आमच्या भागातल्या एका मंडळाने मराठी भाषा गौरव दिनासाठी ‘माझी मुंबई’ या विषयावर कविता मागवल्यात. पत्रकात अट : शहराचा गौरव व्हावा, नकारात्मक सूर टाळावा. म्हणजे अण्णाभाऊ साठे पहिल्याच फेरीत बाद! त्यांच्या ‘माझी मैना’ या गाण्यातली मुंबई हडसनच्या गाडीची आहे, नायलॉन-जॉर्जेटच्या तलम साड्यांची आहे आणि त्याच दमात चोरांची, ऐतखाऊंचीही आहे. बायकोला गावी ठेवून पोटासाठी आलेला गडी दिपलाय पण आणि चिडलाय पण. माझ्या मते कौतुक याला म्हणतात. ‘स्वप्ननगरी’, ‘कधी न झोपणारी’ या ओळी पुण्याला लावा नाहीतर सुरतेला, काय फरक पडतो?

मोगरा
अजिबात पटलं नाही. कार्यक्रमाला येणार कोण? लोकलला लोंबकळून दमलेली माणसं, आज्या, शाळेतली पोरं. त्यांना तासभर आपल्या शहराबद्दल चांगलं ऐकावंसं वाटलं तर बिघडलं कुठे? रडगाणं रोजचंच आहे. आणि गौरवगीत काय आजचं आहे? पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईचा डंका चहूमुलखी वाजवलाच ना?

परळकर
ताई, त्याच लावणीत मुंबईला रावणाची दुसरी लंका म्हटलंय.

मोगरा
लंका सोन्याची होती हो!

वाळव्याचा_पाव्हणा
मोगराताईंना एक गुण. पण एक बघा. बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ वाटेगावचे, दोन्ही गावं आमच्या वाळवा तालुक्यातली. एक १८६६ सालचा, कुलकर्ण्याच्या घरातून तमाशाच्या फडात गेलेला. दुसरा १९२० चा, मांगवाड्यातला, पोरवयात बापाबरोबर चालत मुंबई गाठणारा, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेला. मुंबईचं एवढं ठसठशीत वर्णन बाहेरून आलेल्यांनीच केलं. इथं जन्मलेल्याला गाडी म्हणजे गाडी. ती हडसनची आहे हे नव्या माणसालाच दिसतं.

नाक्यावरचा
मग नारायण सुर्वे? गिरणी कामगाराने सांभाळलेलं पोर, मुंबईतच वाढलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालं. ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चं. त्यांना नाही दिसलं शहर? बाहेरचा-आतला सोडा. अट गौरवाची घातली की माणूस गाळला जातो आणि क्वीन्स नेकलेस उरतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह काढून बघा. कामाठीपुऱ्याच्या बाजूची बोली त्यात आहे तशी आली, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही कितीतरी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. ही त्या वस्तीची नोंद आहे. तीही शहराचीच संस्कृती.

मोगरा
नोंद मान्य. पण वस्तीतल्या किती जणांनी तो वाचला? तुम्ही सगळे पुस्तकातलं दुःख वाचून खूश होणारे. वस्तीतला माणूस गणपतीत आरती म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

शक्तीवाला_रत्नागिरी
आता मी बोलतो. पुस्तकं ठेवा बाजूला. मुंबईतल्या कोकणी चाकरमान्यांची जाखडी कधी बघितलीत? शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांची बारी, म्हणजे सामना, लागते, ढोलकी, झांज, मध्ये शाहीर बसलेला आणि भोवती घुंगरं बांधून नाचणारी पोरं. दिवसा कोण कुरिअरवाला, कोण वॉचमन. गण-गौळण झाली की सवाल-जवाब आणि मग नव्या विषयावरची गाणी : चाळ पाडणारा बिल्डर, गावाकडची गाडी फुल्ल, पोरग्याला मुलगी मिळत नाही. समोरच्याने टोमणा मारला की रात्रीतून उत्तर बांधायचं. ही शहराची कविता नाही तर काय? साहित्यवाले तिला धरत नाहीत, कारण छापील नाही. तुमच्या मंडळाला खरंच गौरव करायचा असेल तर एक बारी लावा म्हणावं.

परळकर
शाहीर, मुद्दा मान्य, पण अर्धाच. बॅनरवर ज्याचा फोटो त्या नगरसेवकावर दोन कडवी असतात का नाही? तीही गौरवाचीच.

शक्तीवाला_रत्नागिरी
असतात. बिदागी तोच देतो. बापूरावांना काय फुकट नाचवत होते? आपली दोन कडवी म्हणायची आणि तिसऱ्यात त्याच्याच वॉर्डातल्या नळाला पाणी का नाही ते विचारायचं. लोक हसतात, तोही हसतो.

मोगरा
बघा, म्हणजे गोडवे गाऊनही सांगता येतं. मी तेच म्हणत होते.

नाक्यावरचा
नाही ताई, पत्रकातली अट तिसऱ्या कडव्यावरच आहे.

वाळव्याचा_पाव्हणा
परळकर, तुम्ही कविता पाठवणार का नाही ते सांगा आधी. २७ फेब्रुवारी जवळ आलीय.

परळकर
पाठवतोय. लालबागच्या मसाला कुटायच्या डंकांवर. मे महिन्यात गल्लीत शिरलं की मिरचीचा खकाणा उठतो, रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून आपली मिरची दुसरीच्यात मिसळत नाही ना यावर डोळा ठेवतात. आता सूर नकारात्मक आहे की नाही ते परीक्षकांनी शिंकून ठरवावं.