शब्दचर्चा : ‘जोमोन’, ‘फुकाबाची’, ‘दोगू’

प्रश्न : जपानच्या नागानो प्रांतात, चिनो इथे तोगारिइशी जोमोन पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथले फलक मराठीत समजावताना तीन शब्द अडतात : जोमोन (जपानचा एक प्रागैतिहासिक काळ आणि त्यातली खापरं), फुकाबाची (त्या काळातलं एक भांडं), दोगू (त्या काळातल्या मातीच्या छोट्या आकृती). ‘जोमोन’ला ‘दोरीची नक्षी’ चालेल का?

उत्तर : शब्दशः चालेल. ‘जो’ म्हणजे दोर, ‘मोन’ म्हणजे नक्षी. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी १८७७ मध्ये तोक्योजवळ ओमोरी इथला शिंपल्यांचा ढीग खणला. तिथल्या खापरांचं त्यांनी इंग्रजीत जे वर्णन केलं, त्याचाच हा जपानी अनुवाद. पण मराठीत ‘नक्षी’ म्हटलं की कोरलेलं, रेखलेलं काही डोळ्यांपुढे येतं. इथे पीळ दिलेली आखूड दोरी ओलसर भांड्यावर ठेवून तळहाताने लाटतात. प्रत्येक पेडाचा दाणा उमटतो आणि दाण्यांच्या तिरक्या ओळी पडतात. उजव्या आणि डाव्या पिळाच्या दोऱ्या आलटून पालटून लाटल्या की ओळी पिसासारख्या दिसतात. माती फार ओली असेल तर ती दोरीला चिकटून येते आणि कडा फाटतात. फार सुकली तर ठसाच उमटत नाही.

म्हणून मी ‘पीळठसा’ सुचवेन. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं आहे. दोरी केव्हाच नष्ट झाली, पण पीळ कोणत्या बाजूचा होता ते खापर सांगतं. फक्त ठसा उलटा असतो. त्यात मऊ माती दाबून काढली की मूळ दोरी दिसते.

आणखी एक मत : ‘पीळठसा’ तंत्रासाठी उत्तम. काळाचं नाव मात्र ‘जोमोन’च ठेवा. जपानच्या नीगाता प्रांताकडची ज्वाळेच्या घाटाची भांडी जोमोनच आहेत, पण ती मातीच्या वळ्या चिकटवून सजवलेली. दोरीचा ठसा त्यांवर सहसा नसतो. उच्चारही सांभाळा : ‘जोर’मधला ज नव्हे, ‘ज्योत’मधला.

फुकाबाचीबद्दल : ‘मडकं’ नको. मडक्याचा गळा आवळलेला, बूड गोल. फुकाबाची उभट आणि रुंद तोंडाची, बहुतेकदा सपाट बुडाची, म्हणजे झाडाच्या कुंडीसारखी. अन्न शिजवायला वापरत. ‘उभट कुंडा’ म्हणावं.

दोगूबद्दल : ‘मूर्ती’ म्हटलं की पूजा गृहीत धरली जाते आणि दोगूंचा नेमका उपयोग ठरलेला नाही. आपल्या पुरातत्त्वात रूढ असलेला ‘मृण्मूर्ती’ बरा. तो मातीच्या बैलालाही लागतो, त्यामुळे पूजा गृहीत धरली जात नाही. या संग्रहालयातल्या दोन मृण्मूर्ती राष्ट्रीय ठेवा आहेत. ‘जोमोन व्हीनस’ २७ सेंमी उंच, भरीव, २.१४ किलो, मातीत अभ्रक असल्याने अंग चकाकतं. ‘मुखवट्याची देवी’ ३४ सेंमी, आतून पोकळ. तिच्या नावातच ‘मेगामी’ म्हणजे देवी आहे, तेव्हा तिथे ‘देवी’ राहू द्यावं. इतर दोगूंना लावू नये.

आणि ‘हानिवा’ला दोगू म्हणू नका. त्या थडग्यांच्या टेकाडांवर मांडलेल्या मातीच्या आकृती, जोमोननंतर कित्येक शतकांनी आलेल्या कोफुन काळातल्या.