रत्नागिरी, 2 दिवस, आई-बाबा सोबत, गाडी नाही. काय बघू?

बोका_ठाणेकर:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन रत्नागिरीला जातोय. रविवारी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने दुपारी पोचू, मंगळवारी दुपारच्या मांडवीनेच परत. म्हणजे दोन रात्री. बाबांचा गुडघा दुखतो, पायऱ्या फारशा जमत नाहीत. गाडी नाही, मला चालवताही येत नाही (यावर भाषण नको, ते घरी मिळतं). रेल्वेचं तिकीट सोडून तिघांचं बजेट 9 हजार. शहरातलं काय बघू आणि राहू कुठे? आईची एकच मागणी, वाळूत चालायचंय.

घाटमाथा_फोरबायफोर:
9 हजारात काय होतंय हो आजकाल. आम्ही गेल्या वर्षी गणपतीपुळ्याला एका रात्रीचेच 11 मोजले, पण गॅलरीत बसून चहा आणि समोर समुद्र, पैसे वसूल. रत्नागिरी शहरात आहे काय? थेट गणपतीपुळ्याला जा आणि आरे-वारेच्या रस्त्याने जा, वळणावरून दोन्ही किनारे एकदम दिसतात ना तेव्हा कळतं. स्वतःची गाडी मात्र पाहिजे.

बोका_ठाणेकर:
गाडी नाहीये दादा.

घाटमाथा_फोरबायफोर:
मग भाड्याने घ्या.

चकली_तुटली:
गॅलरीवरून आठवलं. आम्हालाही "समुद्र दिसणारी खोली" म्हणून जास्तीचे दीड हजार लावले होते. दिसला की. बाथरूममधल्या उलट्या बादलीवर उभं राहून, वरच्या झडपेतून, दोन माडांच्या मधे, बोटभर. नवरा तीन दिवस रोज सकाळी चढून बघायचा, म्हणे पैसे भरलेत. तेव्हा खोलीचा फोटो नाही, खिडकीतून काढलेला फोटो मागवून घ्या.

मिऱ्याचा_वारा:
मी इथलाच, जन्म गेला. ठाणेकर, आधी एक ध्यानात ठेवा, स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे, तिथून रिक्षा करून यावं लागतं. राहायचं तर एसटी स्टँडच्या आसपास बघा, समुद्र दिसणार नाही पण सगळं जवळ पडतं आणि तुमच्या बजेटात बसतं. थिबा पॅलेस सोमवारी बंद असतो, आत सरकारी संग्रहालय आहे, तेव्हा तो रविवारी नाहीतर मंगळवारी. त्याच्या जवळच थिबा पॉइंट, तिथे काही चढायचं नाही, कठड्याशी उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी, पूल, काजळी नदी समुद्राला मिळते ते मुख, सगळं दिसतं. संध्याकाळी न्या बाबांना.

फिरस्ती_वैशाली:
थिबा पॅलेस नक्की बघा!! ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून आणलं आणि 1886 मध्ये हा राजवाडा बांधून त्यात कैदेत ठेवलं. आत गेल्यावर काटा येतो अंगावर.

तळटीप:
वैशालीताई, 1886 ला राजा रत्नागिरीत आला, राजवाडा नाही. राज्य गेलं 1885 ला, राजवाडा तयार झाला 1910 ला आणि थिबा वारला 1916 ला. चोवीसेक वर्षं दुसऱ्या घरांत काढली, या वाड्याच्या वाट्याला आली शेवटची सहा. कैदेत होता हे खरं.

फिरस्ती_वैशाली:
तेच तर म्हटलं मी.

देवगडी_जावई:
डिसेंबरात कोण जातं कोकणात? मे महिन्यात जा, आंबा खा. बाकी हापूस देवगडचाच, रत्नागिरीवाल्यांनी रागावू नये.

मिऱ्याचा_वारा:
रागावत नाही, तुमच्या पेट्या कुठून भरतात ते माहितीये आम्हाला.

(यापुढच्या आंब्यावरच्या 14 पोस्ट वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत. संपादक)

चकली_तुटली:
गणपतीपुळ्याला जाच, एवढं लांब जाऊन बाप्पाचं दर्शन न घेता येणार का? शहरातून एसटी जाते. फक्त तिथे समुद्रात उतरू नका, पाण्याला ओढ आहे, पाटी लावलेली असूनही लोक जातात. आणि प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची असते, साधारण किलोमीटरभर, ते गुडघ्याचं बघून घ्या.

घाटमाथा_फोरबायफोर:
मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, गणपतीपुळे.

खडू_फळा:
मला वाटतं सगळेच विसरलात, टिळकांचं जन्मस्थान. शहरात टिळक आळीत आहे, उतरत्या कौलांचं घर, 1856 साली लोकमान्य इथे जन्मले. तिथून पतितपावन मंदिराला जा, 1931 साली सर्व जातींना खुलं म्हणून उभं राहिलं. पुढाकार सावरकरांचा, पण पैसा भागोजीशेठ कीरांनी घातला हेही आई-बाबांना सांगा, नावं घेताना लोक तिथेच थांबतात. दोन्ही मिळून तास-दीड तास पुरतो. मत्स्यालय पण आहे झाडगावला, देवमाशाचा सांगाडा बघून आमची नात रडली होती, तुम्ही मोठी माणसं आहात.

कासव_एक्सप्रेस:
रेल्वेनेच चाललात ते बरं. आम्ही महामार्गाने गेलो, कंबर अजून तिथेच आहे.

देवगडी_जावई:
रत्नदुर्ग किल्ल्याचं कोणीच बोललं नाही. तीन बाजूंनी समुद्र, वर भगवती देवीचं मंदिर, वरून खाली मिरकरवाड्याच्या होड्या. पण पायऱ्या आहेत.

बोका_ठाणेकर:
पायऱ्या म्हणजे किती?

देवगडी_जावई:
मला कळल्या नाहीत, मी चढलो.

मिऱ्याचा_वारा:
रिक्षा बरीच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. बाबांनी खालीच बसावं. आता वाळूचं. मांडवीच्या किनाऱ्यावर जा (गाडीचं नाव तेच, पण हा शहरातला समुद्रकिनारा), वाळू काळी आहे म्हणून आम्ही काळा समुद्र म्हणतो. पांढऱ्या समुद्राकडे दगडांचा बंधारा घातलाय, तिकडे नको. पण वेळ बघून जा. मराठी तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तुमच्या सोमवारी संकष्टी येतेय, म्हणजे चार पाऊण तीन, पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, सकाळी नवाच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे. आठ-साडेआठला गेलात तर ओल्या घट्ट वाळूत चालता येईल, गुडघ्यालाही ती बरी, कोरड्या वाळूत पाय रुततो. मिनिटांवर भांडू नका, अंदाज आहे, पण माझ्या आजोबांना घड्याळ लागलं नाही.

तळटीप:
शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं, म्हणजे पौर्णिमेला नि अमावास्येलाही पंधराच धरायचे. नाहीतर लोक तीस धरतात.

फिरस्ती_वैशाली:
संकष्टी आहे?? मग गणपतीपुळे ठरलंच!

बोका_ठाणेकर:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं की गणपतीपुळे नाही. संकष्टीच्या दिवशी रांगेत बाबांना उभं करणार नाही, आणि आई म्हणाली गणपती ठाण्यातही आहे. खोली एसटी स्टँडजवळ, दोन रात्रींचे 4200, खिडकीतून स्टँडचा पत्रा दिसतो असं मालकानेच सांगितलं. रविवारी काही नाही, झोपणार. सोमवारी सकाळी आठला मांडवी, मग टिळकांचं घर आणि पतितपावन, संध्याकाळी थिबा पॉइंट. मंगळवारी पॅलेस आणि तिथून स्टेशन. रत्नदुर्ग राहिला तर राहिला.

घाटमाथा_फोरबायफोर:
म्हणजे अख्ख्या रत्नागिरीत जाऊन आरे-वारे नाही. चालू द्या.

खडू_फळा:
मत्स्यालय?

बोका_ठाणेकर:
परत आलो. आई साडेआठपासून पावणेदहापर्यंत चालली, चपला माझ्या हातात. काळी वाळू तिच्या साडीच्या काठात बसलीये, दोन धुण्यांनी गेली नाही. पॅलेसमध्ये रंगीत काचांतून ऊन जमिनीवर पडलं होतं, त्यातल्या निळ्या चौकोनात बाबा पाय ठेवून उभे राहिले, हलेनात, शेवटी रखवालदार बघायला आला. रत्नदुर्गालाही गेलो. बाबांनीच रिक्षावाल्याला परस्पर सांगितलं. पायऱ्या चढले, उतरताना आमच्याशी बोलत नव्हते. एकूण खर्च 8650, त्यात 400 मलम आणि पट्टा.

कासव_एक्सप्रेस:
मांडवी एक्सप्रेसमध्ये खायला काय काय आलं ते लिहाल का सविस्तर?