घरच्या घरी ब्रेक अपग्रेड, बजेट कमी आहे, काय करू?

चारचाकी_वेडा:
जुनी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क मागे ड्रम. लांब उतारावर पाच-सहा वेळा ब्रेक दाबला की पेडल मऊ पडतं, पार खालपर्यंत जातं. थंड झालं की परत नीट. मोठ्या डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) टाकावेत का? जॅक, स्टँड, पाने घरात आहेत.

पाना_पक्कड:
भाऊ मोठ्या डिस्क राहू दे आधी. गरम झाल्यावरच पेडल जातंय म्हणजे पहिला संशय ब्रेक ऑइलवर. ते हवेतली ओल ओढून घेतं, नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही पण ओल धरलेलं १४० लाच उकळू शकतं, मग आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली. डॉट ४ ला तेच आकडे २३० आणि १५५. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते अजिबात घालू नकोस. सगळं जुनं ऑइल काढून नवं भर, सील असलेल्या डब्यातलंच. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग खातं ते.

चारचाकी_वेडा:
ओके, बरेच वर्षं बदललेलंच नाहीये. पॅडचं काय?

गॅरेजवाली_ताई:
पॅड चांगल्या कंपनीचे घे, तिथे काटकसर नको. पण पॅड बदलताना कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन काढून बघच, हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकत असतील तर एकच पॅड झिजतो, आतला पातळ आणि बाहेरचा जाड दिसला की समजायचं. साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लाव, साधं ग्रीस लावलंस तर रबर फुगतं. कॅलिपर होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लटकत सोडू नकोस, तारेने बांध. होजला चिरा असतील तर तेही बदल, जमलं तर स्टीलची जाळीवाले, होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच टाक. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर त्याच मापाची नवी.

पाना_पक्कड:
ताईंशी सहमत. मोठी डिस्क म्हणजे चाकात मावते का बघा, पुढचा-मागचा बॅलन्स बिघडतो, आणि टायर गुळगुळीत असतील तर काही फायदा नाही कारण शेवटी रस्ता टायरच धरतो.
ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) करताना एकजण पेडलवर, एकजण चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या निपलवर. पेडल वर यायच्या आधी निपल बंद, आणि वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरली की पहिल्यापासून. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघ. गाडी स्टँडवरच, नुसत्या जॅकवर हात घालू नकोस. काम झाल्यावर जागेवरच पेडल कडक होईपर्यंत दाब, मगच गाडी हलव. त्यानंतरही मऊ लागलं तर मात्र घरी खेळत बसू नकोस, पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर मेकॅनिकला दाखव.