मदत हवी आहे: तलावातला गळ समुद्रावर चालत नाही, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, वय बावन्न. पंधरा-वीस वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसतो. रामटेकजवळची खिंडसी आपली ठरलेली जागा. रोहू, कटला, नशीब जोरावर असेल तर मरळ. तलावावर मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मागच्या जानेवारीपर्यंत वाटत होतं.

मुलगी नोकरीसाठी रत्नागिरीला आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा सामान सोबत नेलं आणि पहाटे भाट्येच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. सात फुटी रॉड, तीन हजार नंबरचं रीळ, वीस ग्रॅमचं गोल शिसं, आणि हसू नका, हळद घालून मळलेला कणकेचा गोळा. गोळा पहिल्याच लाटेत विरघळला. मग बाजारातून कोळंबी आणली. तर शिसं लाटेसोबत लोळत लोळत परत पायाशी. मी फेकून राहिलो, समुद्र परत करून राहिला, असं दोन तास चाललं. शेवटी चिडून मोठं शिसं लावलं आणि जीव खाऊन फेकलं. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, रिळापाशीच तुटला आणि शिसं गोळीसारखं उडालं. समोर कोणी नव्हतं म्हणून बरं.

तेवढ्यात बाजूने एक म्हातारे गृहस्थ चालत गेले. थांबलेही नाहीत. म्हणाले, "इतक्या लांब कशाला फेकताय?" आणि गेले. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे.

आता दिवाळीला परत जातोय. इथल्या एका दुकानदाराचं म्हणणं, चौदा फुटी रॉड घ्या, जितकं लांब फेकाल तितका मोठा मासा. म्हातारबाबा म्हणतात उलटं. खरं काय? नवीन रॉड-रीळ घ्यायचं तर सहा हजारांच्या वर जायची तयारी नाही. शिसं जागेवर कसं थांबवायचं? दोरी का तुटली? आणि एवढा मोठा समुद्र, मासा कुठे आहे हे कळतं कसं? तलावात निदान बुडबुडे तरी दिसतात.

रिकामटेकडा: काका, एवढ्या लांब जाऊन कोळंबी समुद्राला खाऊ घालण्यापेक्षा भोईपुऱ्यात जा, हवा तो मासा घ्या, घरी या. तुमची कन्या बरोबर बोलली असणार काहीतरी.

धागाकर्ता: बोलली ना. "बाबा, मार्केट उघडं आहे" एवढंच बोलली.

खाडीकाठ: काका, ते आजोबा बरोबर होते. वाळूच्या किनाऱ्यावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणारा प्रत्येक पाहुणा हीच चूक करतो. त्याला वाटतं मासा तिकडे क्षितिजाकडे आहे.

ओहोटी पूर्ण लागली की त्याच किनाऱ्यावर रिकाम्या हाताने जा. फक्त बघा. वाळू सपाट दिसते पण सपाट नसते. काठाला समांतर एक लांबट घळ असते, तिच्यापुढे वाळूचा उंचवटा, कधी त्याच्याही पुढे दुसरी घळ. भरतीचं पाणी चढलं की हे सगळं झाकलं जातं, पण लाट तुम्हाला ते सांगत राहते. उंचवट्यावर लाट फुटते, पांढरी होते, आणि घळीवर येऊन पुन्हा सपाट होते. मासा त्या घळीत फिरतो. लाटेने उकरलेले किडे, छोटे खेकडे, सगळं तिथेच घरंगळत येतं. पुष्कळदा ती घळ काठापासून वीस-पंचवीस पावलांवर असते. तुम्ही तिच्या डोक्यावरून पलीकडे फेकत होतात.

ओहोटीला खुणा ठरवून ठेवा. भाट्येला मागे सुरूचं बन आहे, त्यातली दोन झाडं एका रेषेत धरा. पाणी चढल्यावर जागा विसरायला होते.

आणि सुरुवात मुडदुशी या छोट्या माशापासून करा. तुमच्याकडचा सात फुटी रॉड त्याला चालेल. गरी (गळाचा आकडा) एकदम बारीक, कोळंबी सोलून नखाएवढा तुकडा, शिसं चाळीस ते साठ ग्रॅम (रॉडवर छापलेल्या वजनाच्या वर जाऊ नका). मुडदुशी दिवसाढवळ्या अगदी काठाजवळ वाळूत चरते. टोचणी बारीक येते, रॉडचं टोक थरथरतं. रोहूसारखी ओढेल म्हणून वाट बघत बसलात तर कोळंबी खाऊन गेलेली असेल.

तंगूसवाला: सामानाबद्दल मी सांगतो.

चौदा फुटी विसरा. अकरा-बारा फूट पुरे, तोही तीन तुकड्यांचा, म्हणजे गाडीत नेता येईल. लांब रॉडचा खरा उपयोग लांब फेकण्यापेक्षा दोरी लाटांच्या वर उचलून धरण्यासाठी होतो. तुमची दोरी लाटांमध्ये पडली होती, प्रत्येक लाट तिला ढकलत होती, म्हणून शिसं लोळत आलं. दुसरं कारण शिशाचा आकार. गोल शिसं वाळूवर गोटीसारखं पळतं. पिरॅमिडच्या आकाराचं घ्या, कोपरा वाळूत रुततो. मोठ्या रॉडवर 80 ते 120 ग्रॅम.

दोरी का तुटली ते सोपं आहे. फेकताना सगळा झटका दोरीवर येतो, मासा नंतरची गोष्ट. म्हणून मुख्य दोरीच्या पुढे जाड दोरीचा तुकडा जोडतात. हिशेब असा की शिशाच्या प्रत्येक औंसामागे, म्हणजे साधारण 28 ग्रॅममागे, दहा पौंड ताकद. 100 ग्रॅम शिसं म्हणजे चाळीस पौंडाचा तुकडा. लांबी रॉडच्या दुपटीहून थोडी जास्त, म्हणजे फेकायला उभं राहाल तेव्हा त्याचे चार-पाच वेढे रिळावर असले पाहिजेत. हे न करता मोठं शिसं भिरकावणं म्हणजे गोफण फिरवणं. किनाऱ्यावर माणसं असतात. फेकण्याआधी दर वेळी मागे वळून बघायचं, हेही त्यातच आलं.

रीळ पाच-सहा हजार नंबरचं. मुख्य दोरी 0.35 मिलिमीटरची साधी नायलॉनची. विणलेली दोरी नवख्याने घेऊ नये असं माझं मत, वाऱ्यात तिचा जो गुंता होतो तो सोडवण्यात सकाळ जाते. रॉड रोवायला प्लंबिंगच्या दुकानातून मीटरभर पीव्हीसी पाइप, खालचं टोक तिरकं कापून. विकतचा स्टँड घेऊ नका.

धागाकर्ता: पाइपची आयडिया आवडली, त्यातच रॉड भरून रेल्वेत नेता येईल. फेकायचा सराव कुठे करू? कस्तुरचंद पार्कवर 100 ग्रॅम शिसं फिरवलं तर पोलीस उचलतील. आणि वेळेचं सांगा कोणी. भरती-ओहोटी हा प्रकार आम्हा नागपूरकरांना वर्तमानपत्रातच भेटतो.

तंगूसवाला: शहराबाहेर नांगरलेलं रिकामं शेत बघा, गरी न लावता. जोर अर्धाच लावायचा. रॉड वाकू द्यायचा, बाकी तो करतो.

सुरूबन: भरतीची वेळ मोबाइलवर दिसते, पण आमच्याकडे जुना हिशेब आहे तो पाठ करा. तिथीची पाऊणपट करायची, बाराच्या पुढे तेवढे तास. अमावस्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा, रत्नागिरीला त्याच्या थोडी आधी धरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी आणि दोन्हींच्या मध्ये ओहोटी.

आता तुमची दिवाळी. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे भाऊबीजेपर्यंत उधाण. पाण्याला ओढ फार, हलकं शिसं टिकणार नाही. पण भाऊबीजेला सकाळी सातच्या आसपास ओहोटी मिळेल, आणि उधाणाची ओहोटी खोल जाते. खाडीकाठ यांनी सांगितलेली घळ बघायला याहून चांगला दिवस नाही. गरवायला षष्ठी-सप्तमीपर्यंत थांबा. तेव्हा पाणी शांत झालेलं असतं आणि भरती दुपारी चार-पाचच्या दरम्यान. तिच्या आधीचे दोन-तीन तास धरा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, पाणी इतकं सुस्त असतं की मासाही सुस्त.

धागाकर्ता: चार पाऊणे तीन! लहानपणी पावकी-निमकी पाठ केली होती, ती इथे कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

कुर्ली: सगळे मासा कसा लागेल ते सांगताहेत. लागल्यावर काय करायचं ते मी सांगते, कारण माझ्या वडिलांचा हात एकदा कोपरापर्यंत सुजला होता.

काका, मिशा असलेला मासा आला तर तो शिंगाळा. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे असतात, विषारी. तळ्यातल्या माशासारखा मुठीत धरू नका. लांब पक्कड न्या. पाखट आली, म्हणजे चपटी, चाबकासारख्या शेपटीची, तर दोरी कापून सोडून द्या, गरी गेली तर जाऊ दे. पाण्यात उतराल तेव्हा पाय उचलून टाकू नका, घासत चला, वाळूत बसलेली पाखट सरकते. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात किंवा पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. किनाऱ्यावर सापासारखं काही दिसलं तर ते मेलेलं समजून काडीनेही हलवू नका.

आणि पाण्यात गुडघ्यापुढे जायचंच नाही. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जिथे पाणी गुळगुळीत, गढूळ दिसतं आणि लाट फुटतच नाही, तिथे ओढ बाहेरची असते. नवख्याला तीच जागा सगळ्यात शांत वाटते. गणपतीपुळ्याला माणसं बुडतात ती अशाच पाण्यात. ओढला गेलात तर काठाकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या.

खाडीकाठ: कुर्लीताईंना अनुमोदन. आणखी एक. रापण लागलेली दिसली तर तिथून लांब जा. पन्नास माणसं मिळून जाळं ओढत असतात, त्यात तुमची गरी अडकली तर मालवणी ऐकायला मिळेल, कुठल्या नाटकात नसेल अशी. त्यापेक्षा दोर ओढायला हात लावा, वाट्याला चार मासे येतील.

धागाकर्ता (परत आल्यावर): मंडळी, हजेरी लावतो.

नवा रॉड घेतला, बारा फुटी. भाऊबीजेच्या सकाळी ओहोटीला गेलो आणि खरंच घळ दिसली. काठापासून मोजली, अठ्ठावीस पावलं. जानेवारीत मी तिच्या दुप्पट लांब फेकत होतो. सुरूची दोन झाडं धरून ठेवली.

षष्ठीला दुपारी दोनला बसलो. पहिला तास मोठ्या रॉडवर काही नाही. मग तो पाइपात तसाच ठेवून जुना सात फुटी काढला, बारीक गरी, नखाएवढी कोळंबी. पंधरा मिनिटांत टोक थरथरलं. दोन वेळा उशीर केला, तिसऱ्यांदा लागली. संध्याकाळपर्यंत पाच मुडदुश्या, सगळ्यात मोठी वीतभर. मोठ्या रॉडला एकच शिंगाळा आला, पक्कड होती म्हणून हात वाचला. कुर्लीताई, आभार.

मुलीने मुडदुश्या रवा लावून तळल्या. काटे काढून खाताना म्हणाली, खिंडसीच्या रोहूपेक्षा बऱ्या आहेत. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

एक घोळ झाला. मासा सोडवताना नवीन रीळ वाळूत ठेवलं. आता हँडल फिरवलं की भातात खडा लागल्यासारखं वाजतं. गोड्या पाण्याने धुतलं, फरक नाही. घरी उघडू का कोणाकडे देऊ?

तंगूसवाला: नळाची धार जोरात सोडली असेल तर वाळू आणखी आत गेली. घरीच उघडा, पण पांढऱ्या चादरीवर, आणि प्रत्येक भाग काढताना फोटो घेत जा. आत एक छोटी स्प्रिंग आहे, ती उडते.