विघटन, अपघटन की नुसतं पिचणं?

विचारणा: मुलीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघी तक्ता करतोय. विषय आहे उजेडाच्या मदतीने प्लास्टिक कचऱ्याचं रसायन तोडणं. तिने वर ठळक अक्षरांत 'सूर्यप्रकाशाने प्लास्टिकचे विघटन' लिहिलंय. मला ते खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाही. शिवाय फोटोकॅटॅलिसिसला, म्हणजे उजेड आणि कॅटॅलिस्ट वापरून क्रिया घडवण्याला, मराठीत काय म्हणावं? कॅटॅलिस्टला, म्हणजे ती क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाला, 'विरजण' चालेल का?

प्रतिसाद १: ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. 'विघटन' म्हटलं की कुजणं डोळ्यांपुढे येतं. शाळेच्या पुस्तकात जिवाणू आणि बुरशी 'विघटक', भाज्यांची देठं 'विघटनशील'. म्हणजे जे शेवटी मातीला मिळतं ते. उन्हातल्या प्लास्टिकचं तसं होत नाही. गच्चीतल्या दोरीवर दोन उन्हाळे काढलेला कपड्यांचा चिमटा दाबून बघा. कडकन मोडतो आणि बोटांना पांढरट भुकटी लागते. याला घरोघरी शब्द आहे: प्लास्टिक पिचलं. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रेणूंच्या लांब साखळ्या जागोजागी तोडतात, वस्तू ठिसूळ होते, पण ती भुकटी प्लास्टिकचीच. पुढे तीच मायक्रोप्लास्टिक म्हणून गटारातून नदीत जाते. याला विघटन म्हटलं तर पिशवी उन्हात टाकली की काम झालं असं पोरं धरून चालतील.

प्रयोगशाळेत होतं ते 'अपघटन'. दहावीच्या पुस्तकात साखर तापवून कोळसा होतो तिथे हाच शब्द आहे: एका पदार्थापासून वेगळे, साधे पदार्थ. उदाहरण द्यायचं तर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एरिन स्टॅश यांच्या गटाने पॉलिस्टायरिनवर, म्हणजे आपल्या थर्माकोलच्या प्लास्टिकवर, केलेलं काम घ्या. द्रावणात थोडं फेरिक क्लोराइड (लोह आणि क्लोरीनचं संयुग, इथला कॅटॅलिस्ट हाच), वर पांढरा एलईडी उजेड, सोबत ऑक्सिजन. उजेड पडला की लोहापासून क्लोरीनचा अणू सुटतो, तो साखळीतला हायड्रोजन ओढून घेतो, तिथे ऑक्सिजन चिकटतो आणि साखळी तुटते. हाती मुख्यतः बेंझोइक आम्ल येतं. सरबताच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं ना, तो याच आम्लाचा क्षार. थर्माकोल उरत नाही, दुसराच पदार्थ होतो. पिचणं आणि अपघटन यांत एवढा फरक आहे.

प्रतिसाद २: विरजण नको. छान घरगुती शब्द आहे, मलाही मोह झाला होता. पण विरजण दुधात मिसळून त्याचंच दही होतं. उत्प्रेरक दुसऱ्यांमधली क्रिया घडवतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो, म्हणून थोडासाच पुरतो. 'उत्प्रेरक' रुळलेला आहे, तोच ठेवा. त्यावरून फोटोकॅटॅलिसिस म्हणजे 'प्रकाश-उत्प्रेरण'. 'प्रकाश-अपघटन' वेगळं, तिथे उत्प्रेरकाशिवाय नुसत्या प्रकाशानेच रेणू तुटतो. आणि शीर्षकातलं 'सूर्य' काढा. वरच्या प्रयोगात सूर्य नाही, दिवा आहे.

विचारणा करणारी: दोघांचेही मनापासून आभार. लेकीने खोडून नवीन लिहिलंय: 'उजेड आणि उत्प्रेरक वापरून थर्माकोलचे अपघटन'. शेजारी पिचलेला चिमटा चिकटवलाय, त्याखाली लिहिलंय, 'हे अपघटन नाही.'