बॅनर लावलाय, तरी बटण दाबायच्या आधीच कुकी पडते

प्रश्न (होमस्टे_वेब)
दापोलीतल्या एका होमस्टेची वर्डप्रेस साइट आहे. एक पान जर्मनमध्ये आहे, दर युरोतही दिलेत. कुकी-बॅनरचं प्लगइन टाकलं, तरी पान उघडताक्षणी गूगल अ‍ॅनालिटिक्सची कुकी (ब्राउझरमध्ये साठणारी छोटी नोंद) दिसते. चुकतंय कुठे? आणि युरोपचा कायदा इथे लागतो का?

पानवेल
लागतो. साइट तिकडे नुसती उघडते म्हणून नव्हे. जर्मन पान आणि युरोतले दर म्हणजे तिथलं गिऱ्हाईक तुम्ही बोलावताय, आणि जीडीपीआर या युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याचं कलम ३(२) तेच बघतं. कुकीचा नियम मात्र २००२च्या ई-प्रायव्हसी निर्देशातला, २००९मध्ये कडक केलेला: आधी संमती, मग कुकी. लॉगिन, बुकिंगची कार्ट, ‘नाकारलं’ हे लक्षात ठेवणारी कुकी, यांना सूट आहे.

बहुतेकदा अ‍ॅनालिटिक्सचा कोड थीमच्या हेडरमध्ये थेट चिकटवलेला असतो. कित्येक प्लगइन असा कोड अडवतच नाहीत. तो काढा आणि गूगल टॅग मॅनेजरमधून (असे कोड एका जागी सांभाळणारं साधन), संमती मिळाल्यावरच चालेल असा लावा. कन्सेंट मोड (संमतीनुसार गूगलचे कोड वागवणारी सोय) वापरत असाल तर ‘डिनाइड’ची डीफॉल्ट आज्ञा टॅग मॅनेजरच्या कंटेनर कोडच्या आधी हवी. साइट वेगवान करणाऱ्या कॅशे प्लगइनमधला ‘डिले जावास्क्रिप्ट’ (स्क्रिप्ट उशिरा चालवणारा) पर्याय हा क्रम उलटापालटा करतो. संमतीची स्क्रिप्ट त्यातून वगळा. अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये (हा कन्सेंट मोडचा एक प्रकार) नकारानंतर कुकी पडत नाही, पण गूगलकडे पिंग (कुकीविना छोटे संदेश) जातातच. जर्मन पाहुण्यांसाठी बेसिक प्रकार बरा, त्यात संमतीआधी काहीच जात नाही.

तपासताना कॅशे रिकामी करा, एफ१२ दाबून ‘अ‍ॅप्लिकेशन’मधल्या जुन्या कुकी पुसा. अ‍ॅनालिटिक्सची कुकी महिनोन्महिने टिकू शकते, तीच बघून भलताच निष्कर्ष निघतो. मग तीनदा बघा: काही न दाबता, नाकारून, स्वीकारून.

तिरकी_मात्रा
बॅनरही बघा. ‘स्वीकारा’ ठळक आणि ‘नाकारा’ सेटिंग्जच्या पोटात, हे चालत नाही. नकार स्वीकाराइतका सोपा नव्हता म्हणून फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा-संरक्षण संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला होता. आधीच टिक केलेली चौकट युरोपीय न्यायालयाच्या २०१९च्या प्लॅनेट४९ निकालात बाद झाली. संमती मागे घ्यायची लिंक फूटरमध्ये कायम ठेवा. यूट्यूबचा व्हिडिओही थेट एम्बेड करू नका, तोही संमतीआधी कुकी टाकू शकतो. साधं चित्र ठेवा, क्लिक केल्यावरच लोड होऊ दे.

होमस्टे_वेब
कोड हेडरमध्येच सापडला! भारतातल्या पाहुण्यांसाठी वेगळा बॅनर लागेल?

पानवेल
आपल्या २०२३च्या डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण) कायद्यात कुकीचं वेगळं कलम नाही, वैयक्तिक डेटाच्या संमतीचं आहे. तिथेही ‘पान बघत राहिलात म्हणजे मान्य’ ही पळवाट नाही, स्पष्ट कृती लागते. हाच बॅनर सगळ्यांना दाखवा, फक्त मजकुराचा मराठी पर्यायही द्या.