ड्रॉइंग पक्कं होण्याआधी फाउंड्रीवाल्याला (लोखंड ओतून भाग बनवणाऱ्याला) बोलवावं का?

उद्यमनगरकर: माझं मत, बोलवायलाच पाहिजे. गेल्या वर्षी शेतीपंपाच्या नव्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, ड्रॉइंग आम्ही पूर्ण करूनच शिरोलीच्या फाउंड्रीला पाठवलं. बोल्ट बसायच्या उंचवट्यापाशी (बॉसपाशी) भिंत एकदम जाड झाली होती. जाड जागा सगळ्यात शेवटी गोठते, तोवर तिला लोखंड पुरवणारी वाट बंद झालेली असते. वरून कास्टिंग चकचकीत, ड्रिल मारलं की आत पोकळी. पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा काढतात तो नमुना) दोनदा बदलला आणि हंगाम हातचा गेला. फाउंड्रीच्या मालकांनी ड्रॉइंग बघताक्षणी त्याच जागेवर बोट ठेवलं होतं. पण आम्ही त्यांना विचारलं कधी, तर सगळं ठरल्यावर.

परचेसवाला, गोकुळ शिरगाव: नाही पटत. एकालाच आधी बसवलं की डिझाईन त्याच्या मोल्डबॉक्सच्या, म्हणजे साच्याच्या पेटीच्या, मापाचं होतं. मग दुसऱ्याकडून भाव काय मागवणार? शिवाय तीच फाउंड्री आपल्या स्पर्धकाचंही लोखंड ओतते. डिझाईन कायदा, २००० नुसत्या दिसण्याला संरक्षण देतो, आतल्या रचनेला नाही.

उद्यमनगरकर: मग गोपनीयतेचा करार करा की. टोयोटा आणि तिला सुटे भाग पुरवणारी डेन्सो कशी कामं करतात बघा. पुरवठादाराचे इंजिनिअर सुरुवातीपासून सोबत असतात.

परचेसवाला, गोकुळ शिरगाव: डेन्सो १९४९ साली टोयोटातूनच वेगळी झालेली कंपनी आहे. एवढं जुनं, घरचं नातं आपल्याकडं किती जणांचं आहे?

फाउंड्रीवाला, शिरोली: दोघांनाही सांगतो. एका कंपनीला आम्ही कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) वाचेल असा बदल सुचवला, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटायला दिलेला उतार) दुरुस्त करून दिला, नमुने ओतून दिले. तेच सुधारलेलं ड्रॉइंग तीन ठिकाणी फिरलं आणि किलोमागं दोन रुपये कमी सांगणाऱ्याला ऑर्डर गेली. पॅटर्नचा खर्च आमच्या अंगावर. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं म्हटलंय, पण सल्ल्याचं बिल आम्ही लावतो कुठं? तेव्हापासून चूक दिसली तरी विचारल्याशिवाय बोलत नाही.

उद्यमनगरकर: हे वाचून वाईट वाटलं. मग सल्ल्याचे पैसे वेगळे धरावेत, ऑर्डर मिळो न मिळो. आणि पॅटर्न आमच्या खर्चानं, आमच्या मालकीचा.

परचेसवाला, गोकुळ शिरगाव: पैसे देऊन सल्ला घ्यायला माझी ना नाही. पण भाव तिघांकडूनच मागवणार.

फाउंड्रीवाला, शिरोली: मागवा. फक्त पहिल्या वर्षाचं काम ज्यानं डोकं लावलं त्याला द्या आणि तसं लेखी द्या. मग पहिल्या दिवसापासून माझा पॅटर्नमेकर तुमच्याकडं येऊन बसेल.